आधार लागण्याआधी : प्रस्तावना

सत्तरी ओलांडलेल्या कुणाचीही डॉक्टरी फाइल उघडून पाहा. तीत साखरेचे आकडे असतात, क्रिएटिनिन असतं, ईसीजीच्या पट्ट्या असतात, चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. सापडत नाहीत त्या गोष्टी वेगळ्याच. हा माणूस आंघोळ स्वतःची स्वतः करतो का? रात्री संडासला उठल्यावर त्याला भिंत धरावी लागते का? गोळ्या त्याच्या लक्षात राहतात, की डबीत कुणी भरून ठेवतं? गेल्या वर्षभरात तो पडला होता का? हे घरच्यांना ठाऊक असतं, तेही बहुधा अर्धवट. पण येत्या दोन-तीन वर्षांत त्या घरापुढे काय वाढून ठेवलं आहे, ते साखरेच्या आकड्यापेक्षा या उत्तरांवरून अधिक कळतं.

हे पुस्तक त्या उत्तरांविषयी आहे. वाढत्या वयाच्या माणसाची प्रकृती आणि त्याची रोजची कामं नीट तपासून, त्याला पुढे कोणत्या कामात, किती आणि कोणाची मदत लागेल याचा आगाऊ अंदाज बांधण्याचं एक शास्त्र गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जगात उभं राहिलं आहे. रोगनिदानाशी त्याचं नातं आहे, पण ते रोगनिदान नाही. माणूस किती वर्षं जगेल हेही ते प्रामुख्याने सांगत नाही. उरलेल्या वर्षांपैकी किती वर्षं तो आपल्या पायांवर असेल आणि किती वर्षं त्याला दुसऱ्याचा हात लागेल, हा त्याचा प्रश्न. मराठीत म्हातारपणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे : ललित, आध्यात्मिक, आहारविषयक. या प्रश्नावर मात्र फार थोडं, आणि जे आहे तेही विखुरलेलं. म्हणून विषयाला नवख्या असलेल्या वाचकासाठी आधी सगळा प्रदेश दाखवणं मला गरजेचं वाटतं.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, तीही गरिबांच्या इस्पितळात. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाच्या ताब्यात शेजारचं एक जुनं गरिबांचं शुश्रूषागृह आलं. तिथे सातशेहून अधिक माणसं वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली होती. कुणाला अर्धांगवायू, कुणाला मोडलेलं हाड, कुणाला नुसतंच वय. डॉ. मार्जरी वॉरन यांनी त्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे तपासलं. हा उठून बसू शकेल का, चालू शकेल का, याची लघवी कशामुळे सुटते, असे प्रश्न विचारत त्यांनी माणसांची वर्गवारी केली आणि उपचार सुरू केले. ज्यांना कायमचे परावलंबी म्हणून सोडून दिलं होतं त्यांतले कितीतरी उठून चालू लागले, काही घरी परतले. वृद्धवैद्यकाच्या मुळाशी असलेला धडा हाच : तपासल्याशिवाय कुणालाही ‘आता काही होणार नाही’ म्हणू नये. पुढे या शास्त्राने किती गणित केलं, किती यंत्रं वापरली, तरी या धड्यापासून ते दूर गेलं तेव्हा तेव्हा त्याचं चुकलंच, असं माझं मत आहे.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. क्लीव्हलँडच्या बेंजामिन रोझ रुग्णालयात डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी मांडीच्या खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांची पाहणी करत होते. कोण किती बरा झाला हे मोजायचं कसं, ही त्यांची अडचण होती. हाड जुळलं हे एक्स-रेवर दिसतं, पण माणूस सावरला का हे दिसत नाही. म्हणून त्यांनी सहा साध्या क्रिया निवडल्या : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणं. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ही मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. या क्रिया वाटेल तशा सुटत नाहीत. सहसा आंघोळ सर्वांत आधी सुटते आणि हाताने जेवणं सर्वांत शेवटी. मूल ज्या क्रमाने या गोष्टी शिकतं, साधारण त्याच्या उलट क्रमाने त्या जातात, असं कॅट्झना दिसलं. म्हणजे आंघोळीला कुणाचा तरी हात लागू लागला, तर पुढची पायरी कोणती हे बऱ्यापैकी सांगता येतं. अंदाजाचं बीज इथे पडलं. १९८३ साली कॅट्झनीच मॅसॅच्युसेट्समधल्या वृद्धांच्या माहितीवरून ‘क्रियाशील आयुर्मान’ काढून दाखवलं : ६५ ते ७० वयाच्या माणसापुढे सरासरी १० वर्षं स्वावलंबनाची, ८५ च्या पुढच्या माणसापुढे जेमतेम ३.

पण कॅट्झची पट्टी उशिरा बोलते. माणूस आंघोळीला अडतो तोवर बरंच काही निसटून गेलेलं असतं. त्याआधी सुटतात ती थोडी गुंतागुंतीची कामं : पैशांचा हिशेब, औषधं, बाजारहाट, फोन, एकट्याने प्रवास. १९६९ साली फिलाडेल्फियाच्या एम. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी अशा आठ कामांची यादी केली. तिच्यातली एक तरतूद आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावी. स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं ही तीन कामं पुरुषांसाठी वगळलेली होती. बाईला आठ कामांवर गुण, पुरुषाला पाचांवर. त्या काळच्या अमेरिकी घराची ती सरळ नोंद होती. पुढे अनेकांनी तीवर टीका केली, ती रास्तही होती. तरी आपल्याकडे आजही प्रश्न विचारणाऱ्याला हीच अडचण येते. आयुष्यात कधी चहा न केलेले आजोबा ‘स्वयंपाक येत नाही’ म्हणाले, तर ते वयामुळे की सवयीमुळे? आणि हातपाय थरथरत असूनही दोन वेळचा स्वयंपाक रेटणाऱ्या आजींना आपण ‘स्वावलंबी’ या रकान्यात टाकून मोकळे होतो. पट्टी कुठल्या घरात तयार झाली, हे तपासूनच ती हातात घ्यावी.

या याद्यांची बेरीज म्हणजे मूल्यमापन नव्हे, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झालं. लॉस एंजेलिसच्या सेपुल्वेडा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. लॉरेन्स रुबेनस्टीन यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. अशक्त वृद्ध रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, तर दुसऱ्या गटाची डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका वगैरेंनी मिळून सर्वांगीण तपासणी केली आणि त्यानुसार पुढची आखणी. वर्षभराने पहिल्या गटातले ४८ टक्के दगावले होते, दुसऱ्यातले २४ टक्के. रुग्णालयातून थेट शुश्रूषागृहात जाणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आत आलं. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर ते घराघरात पोचलं असतं. १९९३ साली आंद्रेआस स्टुक आणि सहकाऱ्यांनी असे २८ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. तपासणाऱ्यांच्या हातात पुढचे उपचार ठरवण्याचा अधिकार होता आणि पाठपुरावा दीर्घकाळ झाला, तिथेच फायदा ठळक होता. नुसता सल्ला लिहून कागद परत पाठवला, तिथे तो विरून गेला.

यानंतर या क्षेत्रात दोन मोठी घराणी तयार झाली. दोन्हींचा विषय एकच : डॉक्टर मंडळी ज्याला फ्रेल्टी म्हणतात ती क्षीणता. एकाच वयाच्या, एकाच आजाराच्या दोन माणसांपैकी एक साध्या तापातून आठवड्याभरात उठतो आणि दुसरा कायमचा अंथरुणाला लागतो. हा फरक कशाने पडतो? बाल्टिमोरच्या डॉ. लिंडा फ्रीड यांच्या गटाने २००१ साली पाच खुणा ठरवल्या : न ठरवता घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक असतील तर माणूस क्षीण, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. त्याच वर्षी कॅनडातल्या अर्नोल्ड मिटनिट्स्की आणि केनेथ रॉकवूड यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते क्षीणता म्हणजे उणिवांचा साठा. आजार, लक्षणं, अडचणी, तपासण्यांतले दोष अशा कितीही गोष्टींची यादी करा आणि त्यांतल्या किती या माणसात आहेत याचं प्रमाण काढा. पहिल्या घराण्याला क्षीणतेमागची शरीरातली प्रक्रिया पकडायची आहे, दुसऱ्याला तिचा भार मोजायचा आहे. वाद अजून मिटलेला नाही, मिटण्याची गरजही मला दिसत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरला पाच खुणा सोयीच्या, तर हजारो माणसांच्या संगणकीय नोंदी हाताशी असलेल्या यंत्रणेला उणिवांचा साठा सोयीचा. इंग्लंडने दुसरी वाट घेतली. २०१६ साली ९ लाखांहून अधिक वृद्धांच्या दवाखान्यातल्या नोंदींवरून ३६ उणिवांचा एक निर्देशांक तयार झाला. माणसाला न बोलवता, केवळ आधीच्या नोंदी वाचून संगणक तो काढतो. २०१७ पासून तिथल्या कुटुंबवैद्यांवर ६५ पुढच्या क्षीण माणसांना हुडकून काढण्याची जबाबदारी आली.

तिसरी वाट मला मनापासून आवडते, कारण तिला जवळजवळ काहीच लागत नाही. हात नसलेली एक खुर्ची, घड्याळ आणि चार मीटर मोकळी जागा. जॅक गुराल्निक आणि सहकाऱ्यांनी तिची रीत घालून दिली. पाय जवळजवळ ठेवून तोल सांभाळून उभं राहणं, नेहमीच्या चालीने चालणं, हात छातीशी बांधून खुर्चीतून पाचदा उठणं-बसणं. तिन्हींचे मिळून १२ गुण. १९९५ साली त्यांनी दाखवलं की सत्तरीपुढच्या, त्या वेळी कोणतीही अडचण नसलेल्या माणसांत ज्यांना सर्वांत कमी गुण होते, त्यांना चार वर्षांनी परावलंबन येण्याची शक्यता सर्वाधिक गुणवाल्यांच्या चौपटीहून जास्त होती. कुणालाही काहीही होत नव्हतं, तरी पाय आधीच सांगत होते.

ही चाचणी घरी घेताना काय दिसतं ते थोडं जवळून सांगतो. दोन खोल्यांच्या घरात चार मीटरची सरळ रेघ मिळत नाही, ती व्हरांड्यात किंवा चाळीच्या गॅलरीत आखावी लागते. आजी म्हणतात, ‘‘मला काय झालंय? मी सगळं करते.’’ त्या खुर्चीतून पहिल्यांदा उठतात तेव्हा हात आपसूक गुडघ्यावर टेकतो. ‘‘हात न लावता’’ म्हटलं की पुढे झुकून, जोर करून, दुसऱ्या प्रयत्नात उठतात. तिसऱ्यांदा थांबतात, पदर सावरतात, हसतात. तेवढ्यात दारातून सून बोलते, ‘‘अहो, मोरीतून उठताना मी हात देते ना रोज.’’ आजींनी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या हिशेबी ती मदत नव्हती, रोजचा रिवाज होता. घड्याळातल्या सेकंदांइतकंच हे एक वाक्य महत्त्वाचं असतं. पाहणी करणाऱ्याने ते लिहून घेतलं नाही तर तक्ता पूर्ण भरूनही रिकामा राहतो.

आपल्याकडे खुर्ची पुरतही नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठणं, उंबरठा ओलांडणं, वीज गेली असताना जिना उतरणं, हापशावरून कळशी आणणं, यांतलं काहीच परदेशी पट्ट्यांत नाही. आकलनाच्या चाचण्यांचं तर आणखी अवघड. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची प्रसिद्ध स्मरणचाचणी वाचायला-लिहायला सांगते, वजाबाकी करायला लावते. शाळेत न गेलेली शहाणी बाई तीत नापास होते. हे ओळखून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये मेरी गांगुली आणि भारतीय सहकाऱ्यांनी तिचं हिंदी रूप तयार केलं. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायला लावण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणतो. त्याच गावांत निरक्षर वृद्धांच्या रोजच्या वागण्यावर आधारलेली, घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही तयार झाली. भाषांतरापलीकडे जाऊन माणसाच्या जगण्यातून प्रश्न उभे करण्याचा तो उत्तम नमुना आहे. मराठी मुलखात अशा कामाला अजून भरपूर वाव आहे.

अंदाज बांधून पुढे करायचं काय, याचं उत्तर काही देशांनी कायद्यातच लिहिलं. जपानने १ एप्रिल २००० पासून दीर्घकालीन देखभालीचा सार्वत्रिक विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. मदत हवी असेल तर नगरपालिकेकडे अर्ज करायचा, मग पाहणी करणारा घरी येतो. आज ही पाहणी ७४ बाबींची आहे. संगणक तीवरून या माणसाच्या देखभालीला दिवसाला किती मिनिटं लागतील याचा अंदाज काढतो. देखभालीची पहिली श्रेणी ३२ मिनिटांपासून सुरू होते, पाचवी ११० मिनिटांच्या पुढे. ही मिनिटं हवेतून आलेली नाहीत, शुश्रूषागृहांत कामाची मिनिटामिनिटाची नोंद करून ती काढलेली आहेत. संगणकाचा कौल अंतिम नसतो, स्थानिक तज्ज्ञांची समिती वैद्यकीय अभिप्राय वाचून निर्णय देते. जर्मनीनेही १९९५ पासून असाच विमा चालवला आणि सुरुवातीला मिनिटंच मोजली. पण मिनिटांच्या हिशेबात स्मृतिभ्रंशाचा माणूस बसेना. तो स्वतः जेवतो, चालतो, कपडेही घालतो, तरी चोवीस तास त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून २०१७ पासून जर्मनीने मिनिटं सोडली आणि माणूस किती स्वावलंबी आहे यावर पाच श्रेणी ठरवल्या. काय मोजायचं हा निवडीचा प्रश्न आहे आणि त्या निवडीवर कुणाला मदत मिळणार हे ठरतं, हे या दोन देशांकडे शेजारी शेजारी पाहिलं की कळतं.

आता फसलेल्या प्रयत्नांकडे वळतो, कारण प्रचारकी पुस्तकांत ते नसतात. ब्रिटनमध्ये १९९० पासून ७५ पुढच्या प्रत्येकाची दरवर्षी तपासणी करणं कुटुंबवैद्यांवर बंधनकारक झालं होतं. त्याचा उपयोग होतो का, हे १०६ दवाखान्यांतल्या ४३,००० हून अधिक माणसांवर पाहिलं गेलं. २००४ साली निष्कर्ष आले : सरसकट सखोल तपासणी करा किंवा निवडक माणसांची करा, माणसांच्या प्रकृतीत जवळजवळ फरक पडला नाही. जपाननेही २००६ पासून २५ प्रश्नांची हो-नाही यादी वापरून धोक्यातली माणसं शोधली आणि त्यांच्यासाठी व्यायामवर्ग काढले. यादीने माणसं सापडली, वर्गाला ती फारशी आली नाहीत. पुढे तिथला भर सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या, वस्तीतल्या लोकांनी चालवलेल्या भेटीगाठींच्या जागांवर गेला.

याहून मोठा इशारा येल विद्यापीठातल्या डॉ. थॉमस गिल यांच्या अभ्यासातून आला. १९९८ पासून त्यांनी सत्तरीपुढच्या ७५४ माणसांना महिन्याच्या महिन्याला फोन करून विचारलं : आंघोळ, कपडे, चालणं, खुर्चीतून उठणं, कुणाची मदत लागली का? महिन्याच्या नोंदींनी जे दाखवलं ते वर्षा-दोन वर्षांनी एकदा केलेल्या तपासणीत कधी दिसलंच नव्हतं. नव्याने परावलंबी झालेल्यांपैकी ८१ टक्के माणसं वर्षभरात पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती, काही नंतर पुन्हा घसरली. म्हणजे परावलंबन हा एकतर्फी उतार नाही, त्यात चढउतार आहेत. जानेवारीत ‘आंघोळीला मदत लागते’ असं लिहिलेला माणूस मे महिन्यात स्वतः न्हात असेल. एकदा काढलेला आकडा माणसाच्या कपाळावर चिकटवणं म्हणूनच चुकीचं आहे. शिवाय हे सारे अंदाज समूहाचे असतात. अमुक गुण असलेल्या शंभरांपैकी तीस जणांना तीन वर्षांत आधार लागेल असं एखादी पट्टी सांगू शकते. ते तीस कोण, हे ती सांगू शकत नाही. ही कुंडली नव्हे, आणि तपासणाऱ्याने ज्योतिषाचा आव आणू नये.

आकडा चुकीच्या हातात पडला तर काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धुमाळीत इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शिकेने अतिदक्षता विभागात कुणाला घ्यायचं हे ठरवताना रॉकवूड यांची क्षीणतेची श्रेणी वापरायला सांगितलं. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला. आयुष्यभर चाकाच्या खुर्चीत असलेला तरुण आणि नुकताच खचलेला नव्वदीचा माणूस एकाच श्रेणीत बसत होते. काही दिवसांतच दुरुस्ती करावी लागली. आपल्या घरांत हा धोका वेगळ्या रूपात येतो. ‘बाबांना आता काही कळत नाही’ असा एक कागद हातात आला की सह्या, बँकेचं खातं, घराचे कागद यांची हलवाहलव सुरू होते. मूल्यमापन हे त्या माणसाच्या कामासाठी असतं आणि त्याच्यावर सर्वांत पहिला हक्क त्याचाच असतो. या पुस्तकात हे ठामपणे आलं आहे, याचं मला समाधान आहे.

मग हे सारं आपल्यासाठी आत्ताच का? २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते, महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ११ लाख. २०५० पर्यंत देशात दर पाचांतला एक माणूस साठीपुढचा असेल, असा लोकसंख्यातज्ज्ञांचा अंदाज आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ पुढच्या ७२,००० हून अधिक माणसांची पाहणी केली. त्यात प्रश्नांबरोबर मुठीची पकड आणि चालही मोजली गेली. साठीपुढच्या जवळपास चौथ्या हिश्श्याला आंघोळ-कपड्यांसारख्या एखाद्या तरी मूलभूत कामात अडचण होती. त्या पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाने २०२३ साली साठीपुढच्यांतल्या स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं काढलं. पुण्याजवळच्या वढू परिसरात केईएमच्या संशोधन केंद्रानेही जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा भाग म्हणून पन्नाशीपुढच्यांची अशी पाहणी केली आहे. माहिती नाही ही सबब आता उरलेली नाही.

यंत्रणेचा धागाही हाताशी आहे. आशाताई घरोघरी जाऊन भरतात त्या तपासणी-फॉर्ममध्ये साठीपुढच्या माणसांसाठी चार प्रश्न आहेत : उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडवणारं अपंगत्व आहे का, खाणं-कपडे-आंघोळ-संडास यांत दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतो का. कॅट्झपासूनचा सगळा इतिहास या चार ओळींत उतरला आहे. पण ‘हो’ असं उत्तर आल्यावर पुढे कुठे जायचं? बहुतेक तालुक्यांत वृद्धांसाठी फिजिओथेरपीची नियमित सोय नाही. सरकारी विमा सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून लागू झाला, पण तो रुग्णालयातल्या खाटेसाठी आहे. घरी येणाऱ्या मावशीचे पैसे, कमोड-खुर्ची, डायपर, पाण्याची गादी हे त्यात नाही. शहरात ब्यूरोकडून मावशी मिळते आणि निम्मं पेन्शन तिथेच जातं. खेड्यात मावशी म्हणजे घरची सून, नाहीतर स्वतःच सत्तरीची झालेली बायको.

म्हणून माझ्या मते आपल्याकडच्या कुठल्याही मूल्यमापनात सांभाळणाऱ्याची तपासणी सक्तीची असली पाहिजे. तिची पाठ कशी आहे? रात्री सलग झोप होते का? ती शेतावर किंवा कामावर जाते का? ती आजारी पडली तर कोण? माणसाला पुढच्या वर्षी किती मदत लागेल हा अर्धा प्रश्न, ती मदत करणारी व्यक्ती पुढच्या वर्षी टिकेल का हा उरलेला अर्धा. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या कुटुंबांसाठी, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी पाठवून पाहिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारल्याचं दिसलं. मोठं यंत्र नाही, महागडं औषध नाही. नियमित येणारं, ऐकणारं, साध्या युक्त्या सांगणारं माणूस होतं. अंदाज आणि मदत यांच्यामधला जो दुवा ब्रिटनच्या ४३,००० जणांच्या प्रयोगात तुटला होता, तो इथे छोट्या प्रमाणावर जुळलेला दिसतो.

आणि अंदाज खोटा पाडता येतो, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, चाल मंदावलेल्या १,६३५ माणसांपैकी निम्म्यांना सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ चालण्याचा आणि पायांच्या ताकदीचा नियमित व्यायाम दिला गेला. २०१४ चा निष्कर्ष असा की चालण्यातलं मोठं अपंगत्व व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्क्यांना आलं, नुसती आरोग्यविषयक व्याख्यानं ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्क्यांना. फरक डोळे दिपवणारा नाही, पण शंभरातली पाच माणसं चालती राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण, स्मरण आणि मनःस्थिती या सहा क्षमता लवकर तपासण्यावर भर आहे, तो याच आशेने. मोतीबिंदू काढला, कानाला यंत्र बसलं, रात्रीची झोपेची गोळी कमी केली, मोरीत दांडा बसवला, की पुढचा अंदाज बदलतो.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या वाटा मराठी वाचकासमोर ठेवतं. त्याचा वाचक तीन प्रकारचा आहे : तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताई, ज्येष्ठांच्या संस्था आणि वृद्धाश्रम चालवणारे कार्यकर्ते, आणि ज्याच्या घरात आई-वडील म्हातारे होत आहेत असा कुणीही. एकच उत्तम पट्टी कोणती, हा निवाडा पुस्तक देत नाही. कोणती पट्टी कशासाठी तयार झाली, तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही, आपल्या घरात ती वापरताना कुठे अडखळायला होतं, एवढं ते नीट सांगतं. संगणकाला शिकवून अंदाज काढण्याच्या नव्या पद्धतींवर त्यात कमी लिहिलं आहे. ज्या मुलखात म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी अजून वहीतही नाहीत, तिथे ते मला योग्यच वाटलं. वृद्धाश्रमांतल्या मूल्यमापनावर मात्र आणखी लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ती उणीव भरून निघावी.

वाचकांना एक विनंती. पुस्तकाच्या शेवटी जो तक्ता दिला आहे, तो घरातल्या ज्येष्ठांच्या पाठीमागे भरू नका. त्यांच्याशेजारी बसून, त्यांना वाचून दाखवत, पेन्सिलीने भरा. सांभाळणाऱ्याचा रकाना सांभाळणाऱ्यालाच भरू द्या. वर तारीख घाला, सहा महिन्यांनी दुसरी प्रत भरा आणि डॉक्टरांकडे जाताना रक्ताच्या रिपोर्टबरोबर हे दोन्ही कागद घेऊन जा.